बारमाही मासे

“ताई, छोटासा टँक आहे. हीटर-बिटर नको. थंड पाण्यात राहतील असे मासे द्या.”

२००४ साली मी नाशिकमधल्या एका माशांच्या दुकानात कामाला लागले. पाच वर्षं तिथे काचा घासल्या, पाणी बदललं, पिशव्यांत ऑक्सिजन भरून रबरबँड लावले. २००९ मध्ये स्वतःचं छोटं दुकान टाकलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य मी किती जणांच्या तोंडून ऐकलं त्याची मोजदाद नाही. पूर्वी त्यातले फक्त दोनच शब्द माझ्या कानात शिरायचे, ‘थंड पाणी’, आणि हात आपोआप गोल्डफिशच्या टँककडे जायचा. मला शिकवलंच तसं होतं. ज्यांच्याकडे काम करत होते त्यांच्या लेखी माशांच्या जाती दोनच, गरम पाण्याचे आणि थंड पाण्याचे. गोल्ड थंड, बाकी सगळे गरम. गिऱ्हाईक हीटर नको म्हणालं की गोल्ड द्यायचा. प्रश्न मिटला.

त्या वाक्यातला ‘छोटासा’ हा शब्द माझ्या कानापर्यंत पोचायला फार वेळ लागला, आणि तो एका शिक्षिकेमुळे पोचला.

दिवाळीची सुट्टी संपली की वर्गात ठेवायला म्हणून त्या एक काचेचा गोल बाउल आणि तीन गोल्ड घेऊन गेल्या. बाउलमध्ये फार तर पाच लिटर पाणी मावत असेल. आठवड्याने आल्या. एक गेला होता. दुसरा दिला. मग पुन्हा आल्या. फेब्रुवारीपर्यंत त्यांनी माझ्याकडून अकरा गोल्ड नेले. दर वेळी त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून मलाच समजावून सांगायच्या, “माझंच काहीतरी चुकतंय हो. मुलं खाणं जास्त टाकत असतील.” मी ‘हो, खाणं कमी टाका’ म्हणायचे आणि पुढची पिशवी बांधायचे. चूक त्यांची नव्हती. पाच लिटर पाण्यात तीन गोल्ड जगणारच नव्हते, मुलांनी एकही दाणा जास्त टाकला नसता तरी. हे मला तेव्हा अर्धवट ठाऊक होतं. अर्धवट ठाऊक असूनही त्यांना स्वतःला दोष लावू दिला, हे मात्र आजही मनातून जात नाही.

गोल्डफिश चीनमधला. तिथल्या तळ्यांतल्या करड्या-हिरवट माशातून हजारेक वर्षांपूर्वी माणसाने निवडून निवडून हा सोनेरी मासा घडवला. तो थंड पाण्यात राहतो हे अगदी खरं. पण तो मूळचा तळ्यातला मासा. साधा गोल्ड किंवा लांब शेपटीचा कॉमेट नीट वाढला तर आठ-दहा इंचांचा होतो. फुगीर पोटाचे ओरांडा किंवा ब्लॅक मूरसुद्धा सहा इंचांच्या पुढे जातात. त्याला जठर नसतं, म्हणून तो थोडं थोडं, पण सारखं खात राहतो आणि तितकीच घाण करतो. शरीरातला बराचसा अमोनिया तो कल्ल्यांवाटे थेट पाण्यात सोडतो. डोळ्यांना पाणी स्वच्छ दिसतं, आणि त्याच पाण्यात मासा पोळत असतो. दुकानात दिसतं ते दीड इंचाचं पिल्लू. घेणाऱ्याला वाटतं, मासा एवढाच असतो.

ब्रिटनमधला एक गोल्डफिश ४३ वर्षं जगल्याची नोंद आहे. दहा-पंधरा वर्षं तर चांगल्या सांभाळलेल्या गोल्डला सहज मिळतात. आमच्याकडच्या बाउलमधले गोल्ड सहा महिने काढले तर लोक कौतुक करतात. ‘चांगला टिकला हो’ म्हणतात.

जुन्या नाशकात गोदेच्या बाजूला एका वाड्यात मी बारा वर्षं पाणी बघायला जात होते. अंगणात दगडी हौद, चार फूट लांब, कमरेइतका खोल, निम्म्या भागावर पारिजातकाची सावली. त्यात पाच कॉमेट होते. जानेवारीत ते तळाशी जाऊन गप्प बसायचे, खाणं जवळजवळ सोडायचे. होळीनंतर हळूहळू वर यायला लागायचे. मे महिन्यात वाड्यातल्या आजी हौदावर ओलं गोणपाट टाकायच्या. हीटर नाही, रोषणाई नाही. बुडबुड्यांची एक साधी मोटर तेवढी होती. ते मासे माझ्या तळहाताहून मोठे झाले होते. गोल्डफिश म्हणजे काय हे मला त्या हौदाने दाखवलं. तेव्हापासून हौद असेल, तीन फुटी टँक आणि चांगला फिल्टर असेल, तरच मी गोल्ड देते.

मग छोट्या टँकमध्ये टाकायचं काय?

याचं उत्तर मी आधी पुस्तकांत शोधलं. हाती आलेली पुस्तकं बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतली. त्यांच्या थंड पाण्याच्या टँकचं चित्र असं, की बाहेर बर्फ पडतोय, घर आतून उबदार आहे आणि बिनहीटरच्या टँकचं पाणी वर्षभर अठरा-वीस अंशांच्या आसपास आहे. त्यातल्या याद्या मी वहीत उतरवून घेतल्या आणि तसे मासे मागवायला लागले. काही जगले, काही गेले, आणि का गेले ते कळेना. शेवटी एक काम केलं. दुकानाच्या एकाच रॅकवर, एकाच रांगेत, एक फुटी आणि तीन फुटी असे दोन टँक ठेवले. दोन्हींत एकेक थर्मामीटर. सकाळी शटर उघडल्यावर आणि दुपारी तीनला वहीत आकडे लिहायचे. असं वर्षभर केलं.

जानेवारीतल्या कडाक्याच्या सकाळी एक फुटी टँकचं पाणी चौदापर्यंत उतरायचं आणि दुपारी वीस-एकवीसला जायचं. शेजारचा तीन फुटी टँक सकाळी सोळा-सतरा, दुपारी अठरा. हवा तीच, रॅक तोच. लहान टँकमधला मासा एका दिवसात सहा-सात अंशांची चढउतार सोसत होता आणि मोठ्यातला जेमतेम दीड-दोन अंशांची. मे महिन्यात लहान टँक दुपारी तेहतीसवर गेला. त्या वहीची पानं आता पिवळी पडली आहेत, पण मी ती टाकलेली नाहीत.

बारा इंच लांब, आठ रुंद, आठ उंच असा एक फुटी टँक काठोकाठ भरला तरी साडेबारा लिटर. खडी घातली, वर दोन बोटं जागा सोडली की दहाच्या आसपास उरतं. चोवीस बाय बारा बाय बाराचा दोन फुटी टँक ५६ लिटरचा, म्हणजे प्रत्यक्षात पंचेचाळीस-सत्तेचाळीस. लांबी दुप्पट, पण पाणी चारपटीहून जास्त. पाणी जितकं जास्त तितकं ते सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. गिऱ्हाईक टँकची जागा बघतं, टेबल किती लांब आहे ते सांगतं. मी लिटर विचारते. लिटर सांगता येत नसेल तर मापं लिहून घेते आणि तिथेच हिशेब करून दाखवते.

त्या वहीतून आणखी एक गोष्ट कळली, आणि माझ्या धंद्यात ती सगळ्यात महत्त्वाची ठरली. आपल्याकडच्या बिनहीटरच्या टँकला थंड पाण्याचा टँक म्हणणं चूक आहे. तो जानेवारीत थंड असतो आणि मेमध्ये ऊन. त्यात टिकायचं तर माशाला दोन्ही ऋतू अंगावर काढता यायला हवेत. विहिरीला आपण बारमाही म्हणतो, तसा बारमाही मासा हवा.

निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार माझ्याकडे यायचे. त्यांना मी दादा म्हणायचे. मुलीसाठी टँक घेऊन गेले, दोन फुटी. घरावर पत्रे, खोलीची एक भिंत बागेकडे. हीटर त्यांनी स्पष्ट नाकारला आणि त्यात ते बरोबर होते. २००५ नंतरच्या त्या वर्षांत खेड्यात भारनियमन असं होतं की रात्री वीज कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नसायचा. वीज गेली की हीटरने उबवलेलं पाणी रात्रीत कोसळतं, आणि सावकाश गार होणाऱ्या पाण्यापेक्षा ते माशाला जास्त घातक. उलटही होतं. एका घरी थर्मोस्टॅट अडकून हीटर बंदच झाला नाही, सकाळी टँकला हात लावला तर अंघोळीचं पाणी. त्या घरचे मासे काढायला मीच गेले होते. तेव्हापासून हीटर नको म्हणणाऱ्याशी मी कधी हुज्जत घातली नाही.

दादांना मी गप्पी दिले. रंगीत, मोठ्या शेपट्यांचे, दहा जोड्या. त्यांनी विचारलं होतं, “थंडीत राहतील ना?” मी म्हटलं, “गप्पी चिवट असतात.” खेडोपाडी आरोग्य खात्याचे लोक डासांच्या अळ्या खायला गप्पी सोडतात, ते विहिरीत, हौदात वर्षानुवर्षं दिसतात, हे मनात होतं.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थंडीची लाट आली. दर हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला याची बातमी पेपरात पहिल्या पानावर येते. निफाडकर त्या आकड्याकडे डोळे लावून बसतात, कारण पारा फार खाली गेला तर द्राक्षमणी तडकतात. पहाटे बागांमधून शेकोट्या पेटतात. त्या लाटेनंतर तिसऱ्या दिवशी दादा दुकानात आले. हातात स्टीलचा डबा. झाकण काढलं, आत ओल्या फडक्यावर मेलेले गप्पी ओळीने मांडलेले. काहींच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके. ते भांडायला आले नव्हते, पैसे परत मागायलाही नाही. म्हणाले, “ताई, रात्रभर बागेत शेकोट्या घालत होतो. पोरगी टँकपाशी बसली होती. तिला सांगायला पाहिजे की कशानं मेले.”

मला नीट सांगता आलं नाही. त्यांनीच पुढे विचारलं, “आमच्या विहिरीत गप्पी आहेत. ते कसे जगतात?”

त्या प्रश्नावर मी घरी जाऊन खूप विचार केला, आणि उत्तर इतकं साधं निघालं की लाज वाटली. हिवाळ्यात सकाळी विहिरीचं पाणी कोमट लागतं, त्याच्यावर वाफ दिसते, हे कुठल्याही शेतकऱ्याला माहीत असतं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभर जवळजवळ एकसारखं राहतं. विहिरीतला गप्पी थंडी सोसतच नाही, तो उबेत असतो. पत्र्याच्या खोलीतल्या पंचेचाळीस लिटरच्या टँकमधला गप्पी मात्र बाहेरच्या पाऱ्याबरोबर खाली जातो. त्यात हे रंगीत गप्पी चेन्नईच्या कोळत्तूरसारख्या ठिकाणी उबदार हवेत पिढ्यान्‌पिढ्या पोसलेले. मुळात गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाकडचा आणि त्रिनिदादसारख्या बेटांचा, बावीस-चोवीसच्या खाली तो अंग आखडायला लागतो. पाणी फार गार झालं की त्याची रोगाशी झगडण्याची ताकद जाते आणि पांढऱ्या ठिपक्यांचा रोग धरतो. थंड पाण्यात त्या रोगाचा जंतू आपलं चक्र फार सावकाश पुरं करतो, त्यामुळे औषधही आठवडेच्या आठवडे चालू ठेवावं लागतं. तोवर मासा कुठला राहतो.

हे सगळं मी दादांना दुसऱ्या फेरीला सांगितलं. त्यांनी पोरीला सांगितलं असणार.

पुढच्या खेपेला मी पुस्तकाचं ऐकून व्हाइट क्लाउड मागवले. ग्वांगझू शहराजवळच्या बैयुन, म्हणजे पांढऱ्या ढगांच्या डोंगरातल्या ओढ्यांत हा मासा सापडला आणि १९३२ साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. टॅनिक्थिस अल्बोन्युबिस या त्याच्या नावात तान आडनावाच्या एका स्काउट शिक्षकाची आठवण आहे आणि लॅटिनमधला पांढरा ढगही आहे. दीड इंचाचा जीव, अंगावर सोनेरी-हिरवी रेघ, पंखांच्या कडा लाल. चौदा अंशांच्या पाण्यातही तो आनंदाने पोहत असतो. छोट्या थंड टँकसाठी जगभर हाच मासा सुचवतात आणि त्यात काही चूक नाही. दादांच्या घरी व्हाइट क्लाउडनी तो हिवाळा हसतखेळत काढला. जानेवारीत मी स्वतः बघायला गेले होते. मुलगी मला एकेक मासा बोट दाखवून ओळखून देत होती.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात पत्र्याखाली पाणी बत्तीसला गेलं आणि आठ दिवसांत सगळे व्हाइट क्लाउड गेले. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. पंधरा अंशांना लिटरमागे सुमारे दहा मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसातच्या आसपास. डोंगरातल्या ओढ्याचा मासा उन्हाळ्यात दोन्हीकडून मार खातो. पाणी तापतं, अंगातला प्राणवायूचा खर्च वाढतो आणि पाण्यातला साठा कमी होतो. ओलं फडकं, वरून पंखा, बर्फाची पिशवी, सगळं केलं होतं त्यांनी. व्हाइट क्लाउड मी आजही ठेवते, पण जुन्या वाड्यांच्या तळमजल्यावरच्या दगडी खोल्या असलेल्यांनाच देते. तिथे मे महिन्यातही टँकचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीसच्या वर जात नाही. फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावर राहणाऱ्याने मागितला तर नाही म्हणते.

बारमाही मासा माझ्या दुकानात पहिल्या दिवसापासून होता. मी त्याच्याकडे बघत नव्हते, एवढंच. झेब्रा.

दुकानदार झेब्राला भरताड समजतात. टँक रिकामा दिसू नये म्हणून चार झेब्रा टाकायचे. स्वस्त मासा. कोलकात्याकडून बॉक्स आला की इतर पिशव्यांत दोन-चार मेलेले निघतात, झेब्राची पिशवी मात्र उघडताच उसळते. हा आपल्याच उपखंडातला मासा. ईस्ट इंडिया कंपनीतल्या फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टरने गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांवरच्या १८२२ सालच्या ग्रंथात त्याचं पहिल्यांदा वर्णन केलं. तो उथळ, संथ पाण्यात राहतो, ओढ्याच्या कडेला, भातखाचरांत. असं उथळ पाणी हिवाळ्याच्या रात्री गारठतं आणि उन्हाळ्यात दुपारी तापतं. निसर्गात तो राहतो तिथलं पाणी हिवाळ्यात सहा अंशांपर्यंत उतरल्याच्या आणि उन्हाळ्यात अडतीसपर्यंत चढल्याच्या नोंदी अभ्यासकांनी केल्या आहेत. त्या दोन्ही टोकांना त्याला ठेवावं असा याचा अर्थ नव्हे. अठरा ते सव्वीसच्या मध्ये तो सगळ्यात खुशीत असतो. पण आपल्याकडचा जानेवारी आणि आपल्याकडचा मे, दोन्ही त्याच्या अंगवळणी पडलेले आहेत.

आज जगभरच्या प्रयोगशाळांत याच माशावर संशोधन चालतं. त्याचा गर्भ काचेसारखा पारदर्शक असतो, हृदय घडताना डोळ्यांनी दिसतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही झेब्रावर काम होतं. माझ्या दुकानात येणाऱ्या शाळेच्या पोरांना मी हे आवर्जून सांगते, म्हणजे दहा-पंधरा रुपयांचा मासा म्हणून ती त्याच्याकडे बघत नाहीत.

दादांच्या टँकमध्ये पुढे गेले ते झेब्राच, दहा. त्यांना सांगितलेल्या गोष्टी तेव्हापासून प्रत्येकाला सांगत आले आहे. झेब्रा एकटा-दुकटा ठेवायचा नाही, सहाच्या खाली मी देतच नाही. संख्या कमी असली की त्यांच्यातला दांडगा बाकीच्यांच्या मागे लागतो, कळप असला की ती धावपळ सगळ्यांत वाटली जाते. टँक उंच नको, लांब हवा, कारण हा मासा दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत असतो. एक फुटी टँकमध्ये म्हणूनच झेब्राही नाही. तिथे मी सरळ सांगते की यात झाडं लावा, पाण्यातली गोगलगाय ठेवा, मासा नको. वर झाकण हवंच, किमान जाळी, झेब्रा उडी मारतो. टँकखाली थर्माकोल, खिडकीपासून दूर, आणि थंडीच्या लाटेत रात्री तीन बाजूंनी गोधडी, वरून हवेला जागा सोडून. लांब शेपटीच्या माशांबरोबर ठेवायचा नाही, तो शेपट्या कुरतडतो.

मादी पोटाला गोल आणि चंदेरी, नर सडपातळ आणि सोनेरी झाक असलेला. पहाटे उजेड पडला की अंडी घालतात आणि लगेच स्वतःच खातात. दादांच्या मुलीने तळाला खेळायच्या गोट्या पसरल्या, फटींत पडलेली अंडी वाचली, तीन दिवसांत टाचणीच्या टोकाएवढी पिलं काचेला चिकटलेली दिसायला लागली. ही युक्ती मी तिला फोनवर सांगितली होती. तिने पुढे ती शाळेत विज्ञान प्रदर्शनात मांडली.

रोझी बार्बसुद्धा असाच, हॅमिल्टनच्याच ग्रंथातला, आपल्याच नद्यांचा, थंडी-ऊन दोन्ही सोसणारा. नर रंगात आला की तांब्यासारखा लाल होतो. पण तो तीन-चार इंचांचा होतो आणि दाण्यांबरोबर झाडंही खातो, म्हणून अडीच फुटांच्या खालच्या टँकला नाही. गेल्या काही वर्षांत मेडाका यायला लागला आहे, जपानमधल्या भातखाचरांतला. १९९४ मध्ये अमेरिकी अंतराळयानात नेलेल्या मेडाकांनी तिथे अंडी घातली, पिलंही झाली. हाही ऋतू सोसतो आणि झेब्रापेक्षा शांत आहे. कुंडीतल्या पाण्यात, गच्चीवर सावलीत ठेवणाऱ्यांना मी तो सुचवते.

फायटर मात्र हिवाळ्यात विकणं बंद केलं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दुकानात ठेवतच नाही. तो थायलंडकडचा मासा, पंचवीसच्या खाली त्याचं मन लागत नाही, आणि लोक नेतात ते बरणीत ठेवायला. सकरचंही तसंच. ‘टँक साफ करणारा मासा’ म्हणून मागतात, तो फूटभर वाढतो, मग लोक कंटाळून नदीत, तलावात सोडतात. देशातल्या कितीतरी तलावांत तो आता मच्छीमारांची जाळी फाडतोय. मी नाही म्हटलं की शेजारच्या दुकानातून घेतात, माहीत आहे.

नाही म्हणण्याची किंमत आहे आणि ती मी मोजली आहे. बाउलमध्ये मरणारे गोल्ड हा या धंद्यातला नेमाने येणारा पैसा आहे. एक मेला की माणूस दुसरा न्यायला येतो, येताना औषधाची बाटली नेतो. दहा झेब्रा नेलेला माणूस वर्षभर फिरकत नाही, आला तर दाण्याचं पाकीट घेऊन जातो. ज्या वर्षी गोल्डचे बाउल काढून टाकले त्या वर्षी घरभाडं भरताना ओढाताण झाली. मग टँक साफ करून देण्याची कामं धरली, दवाखाने, शाळा, दोन हॉटेलं, त्यावर दुकान उभं राहिलं.

एक अवघड गिऱ्हाईक म्हणजे नऊ माशांचं. आठ सोनेरी आणि एक काळा, घरात असे नऊ मासे असले की बरकत राहते, अशी श्रद्धा बऱ्याच जणांची असते. दीड फुटी टँक आणायचे, पस्तीस लिटरचा, आणि त्यात आठ गोल्ड अधिक एक ब्लॅक मूर मागायचे. सुरुवातीला मी वाद घालायचे. त्यात त्यांची श्रद्धा दुखावली जायची आणि मासे तरी दुसरीकडून घेतलेच जायचे. एका काकांनी मात्र शांतपणे विचारलं, “मग तुम्ही सांगा, आमचे नऊ कसे बसवायचे?” झेब्राचा एक सोनेरी वाण असतो, गोल्डन झेब्रा, निळ्या रेघांऐवजी फिकट पिवळसर. मी आठ गोल्डन झेब्रा आणि गडद रेघांचा एक साधा झेब्रा असे नऊ पिशवीत घालून त्यांना दाखवले. जात एकच, त्यामुळे नऊही एकत्रच पळतात. काका पिशवी उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, “काळाच आहे की हा.” तेव्हापासून नऊ मागणाऱ्यांना मी हेच दाखवते. दहातले सात-आठ जण घेतात. टँक मात्र दोन फुटीच घ्यायला लावते.

टँक आणि मासे एकाच दिवशी देत नाही, हा माझा दुसरा नियम. पाण्यात अमोनिया पचवणारे जंतू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात आणि गार पाण्यात त्याहून जास्त. म्हणून म्हणते, दसऱ्याला टँक मांडा. पाणी भरा, क्लोरीन मारायचं औषध घाला, स्पंज फिल्टर चालू करा आणि रोज चिमूटभर दाणे टाका, मासे नसले तरी. ते कुजून जंतूंना खाद्य मिळतं. तुळशीच्या लग्नापर्यंत पाणी तयार होतं. मग आधी चार मासे, पंधरा दिवसांनी बाकीचे. थंडीचा कडाका पडायच्या आत ते रुळलेले असतात. ऐन जानेवारीत टँक घेऊन लगेच मासे मागणाऱ्याला मी होळीनंतर या म्हणते. रागावतात. काही येतात परत.

त्या शिक्षिका एकदा रस्त्यात भेटल्या. निवृत्त झाल्या होत्या. मी थांबवून सांगितलं, “बाई, तुमचे मासे तुमच्यामुळे मेले नव्हते. मीच चुकीचे दिले होते.” त्यांना क्षणभर कळेना कशाबद्दल बोलतेय. मग आठवलं. माझा हात धरून म्हणाल्या, “अगं, मी त्यानंतर वर्गात काही ठेवलंच नाही.” दोन फुटी टँक आणि आठ झेब्रा मी त्यांच्या घरी स्वतः नेऊन मांडून दिले. पैसे घ्या म्हणून त्या मागे लागल्या, मी दाण्याच्या पाकिटाचे तेवढे घेतले.

दादांचा फोन अजूनही दर हिवाळ्यात येतो. मुलगी आता पुण्याला शिकते, टँक तेच बघतात. मासे तेच नाहीत, झेब्रा तीन-चार वर्षं जगतो, हे त्यांच्या पिलांची पिलं. या जानेवारीत पहाटे पावणेसातला फोन वाजला.

“ताई, कुंदेवाडीला पाच आलाय. रात्रभर बागेतच होतो, आत्ता घरात आलो. थर्मामीटर बारा दाखवतंय. सगळे तळाला बसलेत, हलत नाहीत.”

“कल्ले हलतायत का बघा.”

पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. बॅटरी शोधत असावेत.

“हलतायत. सावकाश, पण हलतायत.”

“मग आज दाणे टाकू नका. गोधडी काढू नका. लाइटही लावू नका. दहा वाजता पत्र्यावर ऊन आलं की पुढची बाजू तेवढी उघडा आणि मला सांगा.”

साडेदहाला फोटो आला. गोधडीच्या फटीतून काढलेला, धूसर. तळापासून चार बोटं वर, एका ओळीत, नऊ रेघा मोजता येत होत्या. दहावा कुठे आहे ते विचारायला मी परत फोन लावला.